माळवदाचें ओझें

मृग नक्षत्र जवळ आलें म्हणजे अक्कलकोट तालुक्यांतील ज्या खेड्यांत अद्यापि जुनीं माळवदाचीं घरें उरलीं आहेत, तेथें एक ठरलेलें काम निघतें. बायका पाट्या घेऊन पांढरी माती वाहून आणतात. पुरुष शिडीनें माळवदावर चढून ती पसरतात, घुशींचीं बिळें बुजवितात, पन्हळींत अडकलेला केर काढतात. एवढें काम झालें म्हणजे घर पावसास तयार झालें असें समजतात. हा क्रम पिढ्यानुपिढ्या चालत आला. परंतु तो पाळणारीं घरें दरवर्षीं थोडीं थोडीं कमी होत आहेत. त्यांच्या जागीं कोठें पत्रा चढतो, कोठें सिमेंटचा स्लॅब पडतो.

अशाच एका घराच्या ओसरीवर आम्ही बसलों असतां मायलेकांचा वाद आमच्या कानीं पडला. लेक पंचेचाळिशीच्या घरांतला, त्याचा मुलगा लग्नाला आलेला. तो म्हणाला, "आई, हें घर आतां पाडूं या. मातीच्या घरांत कोणी पोरगी देत नाहीं. पाहुणे येतात, वर आढ्याकडे बघतात आणि चहा पिऊन निघून जातात." त्या वृद्ध माउलीनें उत्तर दिलें, "तुझ्या बापानं ही भिंत दगड दगड वाहून रचली. तो गेला, भिंत अजून उभी आहे. तूं काढलेलं कर्ज तुझ्या मागं कोणाच्या डोक्यावर उभं राहील, तें सांग." मग दोघेंही आमच्याकडे वळून म्हणालीं, "तुम्हीच सांगा, आमच्यांत कोणाचं खरं?" त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर सुचलें नाहीं. दोघांचेंही खरें आहे असें म्हणून आम्हीं वेळ मारून नेली. परंतु घरीं परत आल्यावर तें उत्तर आम्हांस टोंचूं लागलें. कारण दोन माणसें निवाडा मागत असतां दोघांसही खूष करून उठणें हा एक प्रकारचा भित्रेपणाच होय. म्हणून त्या प्रश्नाचा येथें शांतपणें विचार करण्याचें योजिलें आहे. हा वाद एका घरचा नाहीं. या प्रांतांतील पुष्कळ ओसऱ्यांवर तो चालला आहे, आणि हें वाचणाऱ्यांपैकीं कित्येकांच्या घरींही तो झाला असेल.

पाडावें कीं राखावें हें ठरविण्यापूर्वीं, ज्याविषयीं वाद आहे तें घर काय आहे हें पाहणें योग्य होईल.

आपल्याकडे गांवच्या जमिनीस दोन नांवें आहेत, काळी व पांढरी. काळी ती पिकाची, पांढरी ती वस्तीची. पांढरीची माती ही कोणी दूरच्या खाणींतून आणिलेली नव्हे. शेंकडों वर्षें एकाच जागीं चुलींची राख पडली, सारवण झिजलें, जुन्या भिंती पावसांत विरघळल्या, आणि त्या सर्वांची मिळून ती बनली. पणज्याच्या पडलेल्या भिंतीची माती पणतूच्या माळवदावर चढते. या मातीच्या आधारानेंच आपल्या पूर्वजांनीं घरें उभीं केलीं. भिंतीस शेतांतून व ओढ्यांतून निघणारा काळा दगड किंवा उन्हांत वाळविलेले मातीचे भेंडे. आंत लांकडाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर दांड्या. ज्याची ऐपत असे तो दांड्यांवर फळ्यांचा कडीपाट घाली. ज्याची नसे तो तुराट्या किंवा पळाट्या आंथरी. त्यावर वाळवीस दूर ठेवण्यासाठीं निंबाचा पाला, त्यावर चिखल, आणि सर्वांच्या वर पांढरीचा थर. दोन तुळयांमधील अंतरास खण म्हणावयाचें व घराचा मोठेपणा खणांनीं मोजावयाचा. धूर जाण्यास व उजेड येण्यास माळवदांत साणें ठेवावयाचें. भिंतीच्या पोटांत दिव्यासाठीं देवळी व धान्यासाठीं बळद करावयाचें. उन्हाळ्यांत त्याच माळवदावर कुरडया वाळत, मिरच्या पसरत आणि रात्रीं सारें घर तेथेंच निजे.

असें सपाट छप्पर येथें कां व कोंकणांत कां नाहीं, याचें कारण पाऊस. कोंकणांत वर्षास दोन-अडीच हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथें मातीचें छप्पर आठवडाभरही टिकणार नाहीं, म्हणून उतरतीं कौलारू घरें. सोलापुराकडे पाऊस बेताचा, साधारणपणें सहाशें-सातशें मिलीमीटरांच्या आंतबाहेर. मात्र ऊन कडक. वैशाखांत पारा बेचाळीस अंशांच्या पुढें जातो. जाड भिंत व जाड माळवद हें ऊन सावकाश पितें. दुपारची आंच आंत पोंचेपर्यंत सांज होते व बाहेरची हवा निवूं लागते. पत्र्याखालीं भर दुपारीं बसून पाहिलेल्या मनुष्यास हा भेद समजावून सांगण्याची गरज नाहीं. तेव्हां हीं घरें अडाणीपणानें बांधलेलीं नव्हतीं. ज्या भूमीवर तीं उभीं होतीं, तिचा स्वभाव ओळखून तीं बांधलेलीं होतीं.

असें असतां त्या लेकास आपल्या घराची लाज कां वाटावी? या लाजेचें मूळ बरेंचसें एका शब्दांत आहे. सरकारी गणतींत घरांचे कच्चें व पक्कें असे भाग करितात. माती, तुराट्या, गवत हीं कच्च्यांत, सिमेंट, भाजलेली वीट हीं पक्क्यांत. १९८५ सालीं इंदिरा आवास योजना निघाली व २०१६ सालीं तिच्या जागीं प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. सपाट मुलुखांतील घरास तींत एक लाख वीस हजार रुपये साहाय्य ठरविण्यांत आलें. या योजनांनीं लाखों गरिबांच्या डोक्यावर छप्पर आलें आहे व त्यांचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु यादी करण्यासाठीं काढलेला शब्द हळूहळू माणसाच्या मोलाचा शब्द होऊन बसला. घर कच्चें म्हणजे घरचीं माणसेंही कच्चीं, असें सोयरे समजूं लागले.

हें आपल्याकडेच झालें असें नाहीं. स्कॉटलंडच्या पश्चिमेस हेब्रिडीझ नांवाचीं वाऱ्यानें झोडपलेलीं बेटें आहेत. तेथें झाडें फार थोडीं. म्हणून शेतकरी दगडाच्या दोन भिंती रचून मधल्या पोकळींत माती ठांसून भरीत, वर गवताचें छप्पर घालीत, व एकाच छपराखालीं एका बाजूस माणसें व दुसऱ्या बाजूस गुरें राहत. मध्यभागीं दलदलींतून काढलेल्या वाळल्या मातीचा विस्तव सदोदित जळे. धुरानें काळें झालेलें जुनें गवत शेतांत खत म्हणून पडे. एकोणिसाव्या शतकांत तेथें चुन्यानें बांधलेलीं नवीं घरें येऊं लागलीं, लोक त्यांस पांढरीं घरें म्हणूं लागले, आणि तेव्हांपासून जुन्या घरास काळें घर असें नांव पडलें. तत्पूर्वीं तें नुसतें घर होतें! लुईस बेटावरील अर्नोल गांवीं असें एक घर आज जतन करून ठेविलें आहे. १९६० नंतरच्या दशकांतही कांहीं वर्षें त्यांत कुटुंब राहत होतें. दूरचे प्रवासी तें पाहावयास येतात. ज्या घराची मुलांस लाज वाटली तेंच नातवंडांनीं काळजीनें जपलें. यावरून एवढें समजावें कीं, शेजारीं नवें घर उभें राहिल्यानें आपलें घर वाईट होत नाहीं, जरी तें आपणांस तसें दिसूं लागलें तरी.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, आम्ही त्या माउलीच्या बाजूनें निकाल देणार. परंतु थांबा. लाज हा जसा एक दोष आहे, तसा दुसराही एक दोष आहे, आणि तो शिकलेल्या लोकांत अधिक आढळतो. तो म्हणजे ज्या घरांत आपणांस राहावयाचें नाहीं त्याची स्तुति करणें. शहरांत पंख्याखालीं बसून मातीच्या घराच्या गारव्याचीं वर्णनें लिहिणारा मनुष्य माती वाहत नाहीं. भिंत सारवणारे हात स्त्रियांचे असतात. पहाटे शेण गोळा करणें, पाणी आणणें, सणावारीं भिंतींस पोतेरें फिरविणें, पावसाळ्यांत गळक्या जागीं भांडीं मांडून रात्र जागून काढणें, हें सर्व त्या स्तुतींत येत नाहीं. शेतांत जशी इर्जिक तशी पूर्वीं माळवदासही शेजाऱ्यांची मदत मिळे. आतां तरुण मंडळी पुण्या-मुंबईस गेली, आणि पाटी एकट्या म्हातारीच्या डोक्यावर राहिली.

याहूनही एक कठीण गोष्ट बोलली पाहिजे. जुन्या गांवाचें कौतुक करितांना आपण कोणत्या बाजूनें बोलतों हें आपणांस विसरतां येत नाहीं. चौसोपी वाडे, कडीपाट व चिरेबंदी भिंती गांवकुसाच्या आंत होत्या. हें पत्र वाचणाऱ्या पुष्कळांचे आजे-पणजे गांवकुसाबाहेर राहत होते. त्यांच्या वांट्यास कुडाच्या भिंती व पाचटाचें छप्पर आलें, तें त्यांच्या आवडीनें नव्हे. दुसऱ्याचीं माळवदें त्यांनीं खांद्यावर दगड वाहून उभीं केलीं आणि संध्याकाळीं ते आपल्या खोपटांत परतले. अशा घराण्यांतील मनुष्य आज सिमेंटचें घर मागतो तेव्हां त्यास डौलाची हांव म्हणणें अन्यायाचें होईल. जें आपणांस नाकारलें गेलें होतें तें तो मागत आहे. साधेपणाचा उपदेश करावयाचा असेल तर तो आधीं वाड्यांत केला पाहिजे.

आतां आम्ही या विषयाच्या गाभ्याकडे येतों. तो किल्लारीचा आहे.

१९९३ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या ३० तारखेस, पहाटे चार वाजण्यास चार मिनिटें असतां, लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून लोक नुकतेच निजले होते. धक्का ६.२ प्रतीचा, पृथ्वीवर याहून कितीतरी मोठे भूकंप होतात व कांहीं देशांत त्यांत थोडींच माणसें दगावतात. येथें आठ हजारांच्या आसपास माणसें मेलीं. उस्मानाबाद जिल्हा, ज्यास आतां धाराशिव म्हणतात, तो अक्कलकोटाचा शेजारी. त्या रात्रीं आपल्याकडेही भांडीं खणखणलीं व लोक अंगणांत धांवले. किल्लारीचीं घरें आपल्यासारखींच होतीं. तोच काळा दगड, तीच माती, तींच माळवदें.

त्या पहाटेनंतर पुष्कळांनीं म्हटलें कीं, हा देवाचा कोप झाला. त्या गांवांचें कांहीं पाप असलें पाहिजे. हें बोलणें आजही कोठें कोठें ऐकूं येतें. आम्हांस तें क्रूर वाटतें. शुभवर्तमानांत शिलोहांतील बुरूज अठरा जणांवर पडल्याची गोष्ट आहे, आणि ते मेलेले इतरांहून अधिक पापी होते काय या प्रश्नास तेथें स्पष्ट नकार दिलेला आहे. मृतांच्या पदरीं पाप बांधून जिवंतांनीं मोकळें होऊं नये. दुसऱ्या कांहींनीं म्हटलें, दैव! हेंही आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. भूमि हालली हें कोणाच्या हातीं नव्हतें. पण माणसें मेलीं तीं बहुतेक भूमीनें नव्हे, घरांनीं मारलीं. आणि घरें माणसांनीं बांधलेलीं होतीं. तेव्हां तीं कां पडलीं हें विचारणें हा मृतांचा अपमान नव्हे. त्यांच्याविषयीं उरलेलें तें एक कर्तव्य आहे.

ज्या जाणत्यांनीं तेथें जाऊन पाहिलें त्यांस मुख्यतः दोन कारणें आढळलीं.

पहिलें कारण भिंतीचें. तीं दगडी भिंत दोन-तीन फूट व कोठें त्याहूनही रुंद असे. पाहणारास ती किल्ल्यासारखी वाटे. परंतु ती वस्तुतः एक भिंत नव्हतीच. बाहेरून एक पडदा, आंतून एक पडदा, आणि मध्यें लहान दगडांची व मातीची भर. या दोन पडद्यांस एकमेकांशीं बांधणारे आरपार लांब दगड, ज्यांस जोडदगड म्हणतात, ते बहुतेक ठिकाणीं घातलेलेच नव्हते. धक्का बसतांच बाहेरचा पडदा बाहेर गेला, आंतला आंत आला, आणि निजलेल्या माणसांवर कोसळला.

दुसरें कारण माळवदाचें, आणि याच्याकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधितों. माळवदावर मृगापूर्वीं नवी माती टाकावयाची हें आम्हीं आरंभीं सांगितलेंच. पण जुनी माती काढावयाची, हें पुष्कळ घरीं विसरलें गेलें. बाप टाकी, मुलगा टाकी, नातू टाकी. गळती दिसली कीं त्यावर आणखी एक पाटी. अशा रीतीनें थर वाढत वाढत फूट, दीड फूट, दोन फूट झाला. याचें ओझें किती होतें याचा हिशेब कोणाही शेतकऱ्यास करितां येईल. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीवर दीड फुटाचा थर असेल तर माती एकशें ऐंशी घनफूट झाली. एका घनफुटास सुमारें पंचेचाळीस किलो धरलें तरी हें वजन आठ हजार किलोंच्या वर जातें, म्हणजे ऐंशी क्विंटल! निजलेल्या लेंकरांच्या डोक्यावर ज्वारीचीं ऐंशी पोतीं, प्रत्येक क्विंटलाचें, टांगून ठेवलेलीं आहेत असें आपणांस कोणी सांगितलें तर त्या रात्रीं आपण घरांत निजूं काय? तें वजन वाढविणारा प्रत्येक हात प्रेमानेंच माती टाकीत होता. पाऊस लागूं नये, पोरें भिजूं नयेत, एवढीच त्याची इच्छा होती. प्रेम होतें, परंतु काय सांचत चाललें आहे याकडे पाहणें नव्हतें.

याच भूकंपांत आणखी एक गोष्ट दिसून आली. ज्या घरांत लांकडी खांब व तुळया धड होत्या, त्यांपैकीं कित्येकांत भिंती ढांसळल्या तरी सांगाडा उभा राहिला. आणि कुडाच्या भिंतींचीं, पाचटाच्या छपराचीं हलकीं खोपटें फारशीं कोणाच्या जिवावर उठलीं नाहींत. ज्यांच्या घरास कोणी घर म्हणत नसे, त्यांचें घर त्या पहाटे अधिक दयाळू ठरलें. पुढें २००१ सालच्या जानेवारीच्या २६ तारखेस कच्छांत मोठा भूकंप झाला, तेव्हां तेथील मातीच्या गोल भुंग्यांविषयींही असाच अनुभव आला. वर हलकें गवत व भिंत वाटोळी असल्यामुळें त्यांपैकीं पुष्कळ उभे राहिले, आणि शहरांत सिमेंटच्या मजल्यांचीं घरें, ज्यांत लोखंड व काळजी दोन्ही कमी पडलीं होतीं, तीं कोसळलीं. तेव्हां माती मारते व सिमेंट तारतें हा समज खरा नाहीं. उलट समजही खरा नाहीं. न बांधलेली भिंत मारते, न मोजलेलें ओझें मारतें, मग तें कशाचेंही असो.

आतां नीतीचा प्रश्न सरळ उभा राहतो. घर हें कोणाचें? बांधणाऱ्याचें, मालकाचें, कीं त्याखालीं निजणाऱ्याचें? मोशेच्या नियमशास्त्रांत अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत एक लहानसा नियम आहे. नवें घर बांधणाऱ्यानें धाब्यास कठडा करावा. न केल्यास आणि कोणी खालीं पडल्यास त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा त्याचा आशय आहे. त्या देशांतील घरेंही आपल्या माळवदासारखींच, तुळयांवर फांद्या व त्यावर माती अशीं सपाट होतीं. म्हणूनच कफर्णहुमांत चौघांस छप्पर उकरून पक्षघाती मनुष्यास खालीं सोडतां आलें. आमच्या माळवदांस कठडे असतात कीं नसतात हें वाचकांनीं आपापल्या गांवीं पाहावें. परंतु या नियमाचें मर्म कठड्याहून मोठें आहे. मालकाची भिंत शोभिवंत आहे कीं नाहीं, पाहुणे काय म्हणतील, याविषयीं तो नियम कांहींच बोलत नाहीं. तो फक्त एवढेंच विचारतो कीं, या घरांत जो सर्वांत असावध आहे, खेळणारें पोर, झोंपेंतून उठलेला म्हातारा, अनोळखी पाहुणा, त्याचा जीव तूं सांभाळला आहेस काय? घराची योग्यता ठरविण्याचा हाच खरा माप आहे असें आम्हांस वाटतें.

या मापानें दोन्ही पक्ष तपासूं. माउलीचें म्हणणें कीं, नवऱ्यानें रचलेली भिंत उभी आहे. तिचें प्रेम आम्ही पवित्र मानितों. पण भिंत तीस वर्षें उभी राहिली एवढ्यानें ती उद्यां उभी राहील असें होत नाहीं. किल्लारीच्या भिंतीही आदल्या संध्याकाळपर्यंत उभ्या होत्या. मृताच्या हातचें काम जपावयाचें तर त्यांतील उणीवही आपण भरून काढली पाहिजे. पतीनें जर जोडदगड घातला नसेल, तर तो आज घालणें ही त्याच्या आठवणीची सेवाच होय.

लेकाचें म्हणणें कीं, घर पाडून स्लॅब घालावा. जर भिंत फुगलेली असेल, तुळया वाळवीनें पोखरल्या असतील, तर त्याचें खरें आहे व त्यानें उशीर करूं नये. पण त्यानें दिलेलें कारण हें नव्हतें. त्याचें कारण पाहुण्यांची नजर होतें. पाहुण्यांच्या नजरेसाठीं बांधलेलें घर बहुधा पाहुण्यांस दिसेल तेवढेंच चांगलें बांधलें जातें. दर्शनी बाजूस रंग व फरशी, आणि आंत लोखंड थोडें, वाळू मातीमिश्रित, व स्लॅबला पाणी मारण्याचे दिवस अर्ध्यावर आलेले. अशीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. आंतल्या व बाहेरच्या पडद्यास जोडणारा दगड त्यांतही नाहीं, एवढेंच. शिवाय साहाय्याची रक्कम संपली कीं उरलेल्या कामासाठीं सावकाराचें किंवा खासगी बँकेचें दार ठोठावावें लागतें. हंगाम बुडाला म्हणजे व्याज चढतें, आणि हप्त्यांवर हप्ता साचत जातो. पाठक ओळखतीलच कीं, हेंही एक माळवदच आहे. वर टाकीत राहावयाचें, काढावयाचें कांहीं नाहीं. माउलीनें म्हटलेलें "कोणाच्या डोक्यावर" तें याच अर्थानें खरें होतें.

मग तिसरी वाट आहे काय? आहे, व ती चाललेले लोकही आहेत. लॉरी बेकर नांवाचे एक इंग्रज गृहशिल्पी, जन्म १९१७, क्वेकर पंथाचे, हे १९४५ सालीं कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या मिशनच्या इमारतींच्या कामासाठीं हिंदुस्थानांत आले. तत्पूर्वीं मुंबईंत त्यांची गांधीजींशीं भेट झाली होती. घराचें सामान घरापासून पांच मैलांच्या आंत मिळणारें असावें, हा गांधीजींचा विचार बेकर पुढें जन्मभर सांगत असत. हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरांत पिठोरागड येथें सोळा वर्षें राहून ते गवंड्यांकडून शिकले, मग केरळांत त्यांनीं गरिबांसाठीं व संस्थांसाठीं थोड्या खर्चाच्या पुष्कळ इमारती बांधिल्या. १९९० सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. २००७ सालीं ते वारले. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथील बापूकुटीही माती, बांबू व कौलें यांचीच आहे. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, बेकर जुन्याची नुसती नक्कल करीत नसत. जेथें सिमेंट लागे तेथें तें घालीत, परंतु लागे तितकेंच. आज सर्व जगांत माणसें जो कर्बवायु हवेंत सोडतात, त्यांतील सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या कारखानदारींतून येतो असें शास्त्रज्ञ सांगतात. तेव्हां लागे तितकेंच हा शब्द केवळ काटकसरीचा राहिला नाहीं, शेजारधर्माचा झाला आहे.

किल्लारीनंतर पांचपन्नास गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. पण ज्या असंख्य गांवांतून जुनीं घरें उभीं राहिलीं, त्यांच्यासाठीं जाणत्या अभियंत्यांनीं दुरुस्तीचे उपाय सांगितले, आणि ते आपल्या गवंड्या-सुतारांस करितां येण्याजोगे आहेत. माळवदावरील जुनी माती उतरवून थर वीतभर ठेवावा व गळूं नये म्हणून मध्यें प्लास्टिकचा ताव घालावा. वर हिशेब केलेल्या खोलीवरील ऐंशी क्विंटलांचे एवढ्यानें चाळीसच राहतात. भिंतींत ठराविक अंतरावर आरपार जोडदगड किंवा लोखंड घालून भरलेला सिमेंटचा जोड बसवावा. खांब व तुळई यांच्या सांध्यांत तिरप्या लांकडांचा आधार द्यावा. चारी भिंतींस कमरपट्ट्यासारखा एक सलग पट्टा बांधावा, म्हणजे त्या एकत्र हालतील, एकट्याएकट्या पडणार नाहींत. हे काम स्वतःच्या अंदाजानें करूं नये. ज्यास कळतें त्यास भिंत दाखवून करावें. आणि त्यानेंच जर सांगितलें कीं भिंत दुरुस्तीपलीकडे गेली आहे, तर रडत कां होईना, पण ती उतरवावी, व तिचा दगड आणि तिचें लांकूड नव्या घरांत आदरानें वापरावें.

पुढील मृगापूर्वीं त्या ओसरीवर पुनः जाण्याचा आमचा विचार आहे. या खेपेस आम्ही दोघांचेंही खरें असें म्हणणार नाहीं. लेकास सांगूं कीं, ज्या पाहुण्यास माळवद पाहून तुझा मुलगा नकोसा होतो, त्याची मुलगी न आली तर तुझें फार गेलें नाहीं. पण घरांत तुझी आई निजते, तिच्या डोक्यावर किती माती आहे हें तूं आजवर मोजलें नाहींस, तें आज मोज. आणि माउलीस सांगूं कीं, बाई, भिंत तुझ्या धन्याची आहे, ती ठेव. परंतु वरची माती त्याची एकट्याची नाहीं. ती तीन पिढ्यांची सांचलेली आहे. तींतील अर्धी खालीं उतरूं दे.

मग शिडी लावावयास त्या दोघांसच पाठवूं नये. आम्हीही एक पाटी घेऊं.